कवीचे चरित्र आणि सरकारी कॅमेरा

मराठी आणि बंगाली या दोन भाषांना केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच बैठकीत अभिजात भाषेचा दर्जा बहाल केला. त्याला आता काही काळ लोटला असून, या दर्जाने हाती काय आले आणि त्याचे पुढे करावयाचे काय, याविषयी सभासंमेलनांतून जी चर्चा चालते तीत भवने, अध्यासने, स्मारके आणि पुतळे यांचाच भरणा मोठा असतो. कवीसाठी काही करावे असे एकदा मनात आले की आमची सरकारी बुद्धी प्रथम जागेचा सातबारा पाहू लागते, मग नकाशा, मग अंदाजपत्रक, मग निविदा, आणि या साऱ्या दप्तरी प्रवासात मूळ कवी कोण होता व त्याने काय लिहिले याची चौकशी करण्याचे प्रयोजन कोणासच उरत नाही. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक झाले तसे जाणत्या माणसांच्या हातून झाले तर गोष्ट वेगळी. पण तो अपवाद, शिरस्ता नव्हे. अशा वेळी याच देशाच्या खजिन्यातून, मुंबईतील एका सरकारी खात्यामार्फत, एका बंगाली कवीसाठी १९६१ साली जे घडले त्याचे स्मरण मराठी वाचकांस करून द्यावेसे वाटते. ते स्मारक दगडाचे नव्हते, तासाभराहून थोड्या कमी चालणाऱ्या कृष्णधवल चित्रफितीचे होते, आणि साठांहून अधिक पावसाळे उलटूनही त्याला अद्याप शेवाळ धरलेले नाही.

रवींद्रनाथ ठाकूर यांची जन्मशताब्दी मे १९६१ मध्ये येऊन ठेपली तेव्हा त्यांच्या जीवनावरील अनुबोधपटाचे काम फिल्म्स डिव्हिजनने, म्हणजे १९४८ साली स्थापन झालेल्या आणि मुंबईस पेडर रोडवर कचेरी असलेल्या भारत सरकारच्या खात्याने, सत्यजित राय यांच्या हवाली केले. खाते कोणते हे मुद्दाम सांगतो आहे, कारण जुन्या पिढीच्या स्मरणात त्याचे नाव धरणाच्या भिंती, कुटुंबनियोजन, पूरग्रस्तांस मदत आणि मंत्रिमहोदयांच्या हस्ते बसवलेल्या कोनशिला अशाच चित्रांशी जडलेले असून, मुख्य चित्रपटापूर्वी ती चित्रे सक्तीने दाखवली जात तेव्हा निम्मे प्रेक्षागृह विडी ओढावयास बाहेर उभे असे. त्याच खात्याच्या जमाखर्चात हा चित्रपट मांडला गेला. राय त्या वर्षी चाळीस वर्षांचे झाले होते. ‘पथेर पांचाली’पासून ‘अपूर संसार’पर्यंतची त्यांची चित्रत्रयी जगभर नावाजली गेली होती, आणि रवींद्रनाथांच्याच तीन कथांवरचा ‘तीन कन्या’ हा चित्रपटही त्यांनी त्याच वर्षी पुरा केला. तरीही शताब्दीच्या समितीत हरकत निघालीच, की राय हे इतिहासकार नव्हेत, सबब हे काम त्यांना कसे द्यावे. आणि त्यावर येथे गरज कलावंताची आहे, इतिहासकाराने त्यात ढवळाढवळ करू नये, अशा आशयाचे उत्तर पंडित नेहरूंनी दिले, अशी हकीकत सांगितली जाते. पंतप्रधानाचा हा एवढा अभिप्राय मला त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत घालण्याजोगा वाटतो. सरकारने पैसा द्यावा, कागद पुरवावा, जुन्या चित्रफितींच्या कपाटांच्या किल्ल्या द्याव्यात, आणि मग हात पाठीमागे बांधून उभे राहावे, हे शास्त्र त्या काळी निदान एका प्रसंगी तरी पाळले गेले.

राय यांना ठाकूरांचे घर परके नव्हते. त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर हे रवींद्रनाथांचे स्नेही. लहानपणी आईबरोबर शांतिनिकेतनास गेलेल्या सत्यजितच्या वहीत कवींनी एक छोटीशी कविता लिहून दिली होती. आणि पुढे १९४० ते १९४२ या काळात कलाभवनात नंदलाल बसू आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्या हाताखाली ते शिकत होते, म्हणजे कवींच्या निधनाच्या वर्षी ते त्याच आश्रमाचे विद्यार्थी होते. इतका निकटचा माणूस चरित्र सांगावयास बसला की भक्तीने गहिवरतो, किंवा आपण किती जवळचे होतो हे तरी सांगू लागतो. रायांनी दोन्ही मोह टाळले. त्यांचा चित्रपट सुरू होतो तो ७ ऑगस्ट १९४१ च्या कलकत्त्यात, अंत्ययात्रेच्या गर्दीत, जिथे कवीचा देह लोकांच्या लोंढ्यावर एखाद्या होडीसारखा हेलकावताना दिसतो, आणि मग निवेदक, म्हणजे स्वतः राय, अत्यंत संथ व कोरड्या आवाजात आपल्याला मागे, जोडासाँकोच्या त्या अवाढव्य वाड्यात, द्वारकानाथ आणि देवेंद्रनाथ यांच्या वंशवृक्षाकडे घेऊन जातो. मृत्यूपासून जन्माकडे जाण्याची ही युक्ती आज वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. पण येथे ती युक्ती म्हणून येत नाही, कारण त्या गर्दीची चित्रफीत ही खरोखरच त्या दिवशी काढलेली असून, गर्दीतील चेहरे अभिनयाचे नाहीत.

अडचण पुढे होती. रवींद्रनाथांची हलती चित्रे आहेत ती त्यांच्या कीर्तीच्या काळातली, म्हणजे नोबेल पारितोषिकानंतरची, जेव्हा दाढी, झगा आणि भोवती माणसांचे कोंडाळे यांच्या पलीकडचा माणूस कोणत्याही कॅमेऱ्याला दिसेनासा झाला होता. त्या आधीची पन्नास वर्षे पडद्यावर आणावयाची कशी? राय यांनी वेगवेगळ्या वयांची मुले निवडून त्यांच्याकरवी कवीचे बालपण आणि तारुण्य उभे केले, पण या मुलांच्या तोंडी जवळजवळ काही घातले नाही. मोठ्या वाड्याच्या खिडकीपाशी एकटा बसलेला मुलगा, नोकरांच्या देखरेखीखाली वाढणारे एक मुकाट बालपण, ‘वाल्मीकि-प्रतिभा’ या १८८१ सालच्या संगीतिकेचा घरगुती प्रयोग, आणि मधूनमधून पाऊस, एवढ्या सामग्रीवर सौमेंदू राय यांच्या कॅमेऱ्याने आणि ज्योतिरिंद्र मैत्र यांच्या संगीताने जे साधले आहे ते पाहताना आपण पुरावा पाहत नाही, हे ठाऊक असूनही खटकत नाही. मला स्वतःला सर्वांत अधिक रमवतो तो भाग चित्रकलेचा. कवींच्या हस्तलिखितांत खोडलेल्या ओळींवर शाईच्या रेघा फिरून फिरून त्यांचे पक्षी, मुखवटे, अनाम श्वापदे होत जातात, आणि त्या खोडाखोडीतूनच साठी उलटल्यावर एक नवा चित्रकार जन्मास येतो, ही वस्तुस्थिती शब्दांत सांगावयास पानभर लागते. पडद्यावर ती काही क्षणांत, कोणताही सिद्धान्त न मांडता, डोळ्यांसमोर घडते. या लहानशा चित्रपटास तीन कथाचित्रांइतके श्रम पडले असे राय पुढे म्हणाले, त्यात अतिशयोक्ती नसावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कवीवरच्या या चित्रपटात कवितेचे वाचन नाही. निवेदन इंग्रजीत असल्यामुळे कविता द्यावयाची तर ती इंग्रजी अनुवादातच द्यावी लागली असती, आणि त्या अनुवादांवरून परका श्रोता या माणसास थोर कवी मानील असा रायांना भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी गाणी ठेवली, चित्रे ठेवली, हस्ताक्षर ठेवले आणि काव्यवाचन वगळले. थोर कवीच्या शताब्दीसाठी, सरकारी खर्चाने, जगाला दाखवण्याकरिता काढलेल्या चित्रपटात ही केवढी धाडसाची वजाबाकी आहे याची कल्पना आपल्याकडील कोणत्याही कवीच्या जयंतीस हजर राहिलेल्या माणसास ताबडतोब येईल, कारण आपल्याकडे अशा प्रसंगी कवितेची एकेक ओळ मागून घेऊन तिच्यावर बासरी वाजवली जाते, सूर्यास्त दाखवला जातो, आणि ओळीत पक्षी असेल तर पक्षी उडवला जातो. कविता जे करते ते कॅमेऱ्याने पुन्हा करू नये, इतका साधा विवेक आहे हा. मराठी वाचकाचा रवींद्रनाथांशी परिचय पुष्कळदा इंग्रजी ‘गीतांजली’च्या वाटेने झालेला असतो, आणि म्हणूनच पु. ल. देशपांडे यांना पन्नाशीच्या सुमारास बंगाली मुळातून शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहावेसे वाटले असावे. रायांनी वगळले ते नेमके काय, हे पु. लं.ना आपल्यापैकी बहुतेकांहून अधिक कळले असते.

याचा अर्थ तो चित्रपट निर्दोष आहे असे नव्हे. अधिकृत चित्र काढत असल्याची जाणीव रायांना होती आणि वादाच्या जागा त्यांनी जाणूनबुजून टाळल्या. १८८४ साली कादंबरीदेवींनी, म्हणजे ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नीने, केलेली आत्महत्या रवींद्रनाथांच्या आयुष्यातील फार मोठी जखम होती, पण शताब्दीच्या मांडवात तिच्यावर रेंगाळण्याची सोय नव्हती. रायांनी ते ऋण दुसऱ्या मार्गाने फेडले असे मी समजतो. तीनच वर्षांनी, १९६४ साली, रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या कथेवरून त्यांनी ‘चारुलता’ काढला, आणि एका मोठ्या घरातील एकाकी, बुद्धिमान स्त्री व तिचा लिहिता दीर यांच्या त्या कहाणीत कवीच्या तारुण्याचे जे दर्शन घडते ते शताब्दीपटात घडत नाही. कोणी मला विचारले की रवींद्रनाथांवरचा रायांचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, तर मी १९६१ च्या अनुबोधपटाचे नाव सांगणार नाही. पण सरकारी चित्रपटाने कुठवर जावे आणि कुठे थांबावे, याचा नमुना म्हणून मात्र तोच दाखवीन.

या चरित्रातले एक पान आपल्या मुंबईचेही आहे, आणि अधिकृत चरित्रात ज्याच्यावर रमता येत नाही असेच ते आहे. रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत दाखल झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली, आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले ते याच नोकरीच्या काळात जडलेल्या मराठीच्या स्नेहामुळे. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना इंग्रजी बोलण्याचालण्याचा सराव व्हावा म्हणून सत्येंद्रनाथांनी मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. हे आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबांचे धाकटे बंधू. त्यांची कन्या अन्नपूर्णा विलायतेहून नुकतीच परतली होती. शिकवण्याची कामगिरी तिच्याकडे आली. शिष्याने गुरूला ‘नलिनी’ हे नाव दिले. पुढे तिचा विवाह एका प्राध्यापकाशी झाला आणि १८९१ साली, ऐन तारुण्यात, ती एडिंबरोस वारली. उतारवयात बालपणाच्या आठवणी लिहिताना रवींद्रनाथांनी तिची एक विनंती नमूद करून ठेवली आहे, ती अशी की दाढी कधी राखू नका, चेहऱ्याची रेषा झाकली जाईल. ही विनंती पाळली गेली नाही हे उभ्या जगास ठाऊक आहे. पण मला वाटते, चरित्रपट काढणाऱ्याने हीच विनंती आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी: कीर्तीने ज्या चेहऱ्यावर दाढी चढवली त्याच्या खालची रेषा शोधावयाची, हेच तर त्याचे काम.

आपल्याकडे कवीचे चरित्र पडद्यावर आले ते फार आधी, आणि अगदी निराळ्या रीतीने. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने १९३६ साली विष्णुपंत पागनीस यांना तुकोबा केले आणि प्रेक्षकांनी ते इतके मान्य केले की पागनीस पडद्याबाहेरही तुकोबाच राहिले. दामले-फत्तेलाल यांच्या त्या चित्रपटाचा गौरव पुढच्या वर्षी व्हेनिसलाही झाला. त्यातले एक पद शांताराम आठवले यांनी लिहिलेले आहे, पण ते अभंगाच्या घाटात इतके बेमालूम उतरले की पुष्कळांनी ते गाथेतच शोधले. कथाचित्राला ही मुभा आहे, आणि आठवल्यांचे ते यश लहान नव्हे. अनुबोधपटास मात्र कवीच्या तोंडी एकही शब्द घालण्याचा अधिकार नाही, आणि या दोन प्रकारांतली सरहद्द आपल्याकडे फार सैल झाली आहे. चरित्रपट म्हणवणाऱ्या आमच्या कित्येक सरकारी-निमसरकारी चित्रफितींत कवी एखाद्या टेकडीवर पाठमोरा चालतो, पार्श्वभूमीला गंभीर आवाज त्याच्या मनातले विचार बोलतो, आणि ते विचार कोणत्या दस्तऐवजातून आले हे विचारावयाची सोय नसते.

मराठीत उत्तम उदाहरण नाही असे मात्र कोणी म्हणू नये. नारायण सुर्वे यांच्यावर अरुण खोपकर यांनी २००२ साली ‘नारायण गंगाराम सुर्वे’ हा चित्रपट केला आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे रायांच्या अगदी उलट मार्ग घेतला आहे: कविता भरपूर आहे, आणि किशोर कदम हा स्वतः कवी असलेला नट सुर्व्यांच्या जागी उभा राहून ती बोलतो. हे रायांच्या वजाबाकीशी विसंगत वाटेल, पण नाही. राय इंग्रजीत बोलत होते, खोपकर कवीच्याच भाषेत बोलत होते. शिवाय गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेले मूल घरी आणले, त्या मुलाने गिरणगावातच आपले विद्यापीठ शोधले, ही हकीकत ज्या बोलीत घडली ती बोली वगळली असती तर चित्रपटात केवळ भोंगा आणि धुरांडे उरले असते. एकाने कविता वगळून कवी राखला, दुसऱ्याने कवितेलाच नट दिला. दोघांनाही आपण काय करीत आहोत आणि का, हे पक्के ठाऊक होते. सुर्वे उत्तरायुष्यात आमच्याच रायगड जिल्ह्यात, नेरळला राहत. जिल्ह्यातील किती शाळांतून हा चित्रपट दाखवला गेला याचा दाखला मागितला तर शिक्षण खात्याच्या दप्तरात काय सापडेल याविषयी मी फारसा आशावादी नाही.

हे सारे जोहे गावातून लिहिले जात आहे, त्यामुळे मूर्तीविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला असावा. पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या गावांत वर्षभर गणपती घडतात. येथून रंगवलेले आणि कच्चे असे दोन्ही प्रकारचे माल महाराष्ट्रभर आणि समुद्रापार जातात, आणि पेणच्या मूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. शाडू आणि प्लास्टर यांचा वाद न्यायालयापर्यंत जाऊन आला, तो येथे उकरीत नाही. सांगावयाचे आहे ते साच्याविषयी. गिऱ्हाईक येते ते दगडूशेठ मागते, लालबाग मागते, गेल्या वर्षी गाजलेल्या मालिकेतला बालगणेश मागते. रबराचा साचा तयार असतो, एकासारखा दुसरा निघत राहतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण देवाचे रूप सर्वांचे सारखे असावे हीच भक्ताची इच्छा असते. पण त्याच कारखान्यात साच्यातून निघालेल्या शंभर मूर्ती एका माणसापुढे मांडल्या जातात, तो बारीक कुंचल्याने डोळ्यांची आखणी करतो, आणि जाणकार व्यापारी मूर्ती पारखतो ती त्या आखणीवरून. साचा कोणाचाही चालतो, आखणीला हात लागतो. आमचे कवींवरचे सरकारी चित्रपट साच्यातून निघतात आणि आखणीवाचूनच बाजारात जातात, ही माझी तक्रार आहे: जन्मगाव, शाळा, पहिला संग्रह, पुरस्कार, मान्यवरांचे अभिप्राय, अखेरची प्रतिमा, हार.

आणि मग ते चित्रपट पाहतो तरी कोण? एके काळी प्रचार खात्याची गाडी गावोगाव फिरे, देवळापुढे पडदा बांधला जाई, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंस माणसे बसत. मागच्या बाजूस बसणाऱ्यांना अक्षरे उलटी दिसत, पण बहुतेकांस ती सुलटी दिसूनही उपयोग नव्हता, त्यामुळे तक्रार कोणी करीत नसे. गणेशोत्सवात मंडळे रस्त्यावर पडदा लावून चित्रपट दाखवीत, व्याख्याने ठेवीत. ते सारे गेले. सक्तीचा खेळ बंद झाला, फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, आणि पेडर रोडच्या आवारात आज चित्रपटसृष्टीचे संग्रहालय आहे. अनुबोधपटांचा महोत्सव मुंबईस भरतो आणि चांगला भरतो. पण मुंबईहून रोह्याच्या रेल्वेमार्गावर निघालेल्या माणसास हमरापूर स्थानकावर उतरून तो चित्रपट पाहावयास मिळेल अशी तजवीज कोणी केलेली नाही. सक्ती गेली याचे दुःख नाही. सक्तीबरोबर सोयही गेली, याचे आहे.

काही कवींच्या बाबतीत वेळ टळूनच गेली आहे. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली भादलीजवळ रेल्वेच्या रुळांवर. त्यांची हलती चित्रे नाहीत म्हणून कोणास दोष देण्यात अर्थ नाही, आणि त्यांच्यावर कोणी चित्रपट काढील त्याला रायांप्रमाणे खिडकीतल्या मुलापासूनच सुरुवात करावी लागेल. पण विंदा २०१० पर्यंत, ग्रेस २०१२ पर्यंत, पाडगावकर २०१५ पर्यंत, महानोर २०२३ पर्यंत आपल्यात होते. त्यांना ओळखणारी, त्यांच्याशी भांडलेली माणसे हयात आहेत. त्यांची पत्रे घरांच्या माळ्यांवर आहेत, आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या कपाटांत त्यांचे आवाज आहेत. अभिजात दर्जाच्या नावाने जो काही निधी येईल त्यातल्या एका पुतळ्याच्या चौथऱ्याइतक्या रकमेत असा एकेक चित्रपट व्हावा, आणि तो निविदा काढून नव्हे, दिग्दर्शक निवडून व्हावा. सर्वांत कमी दराने चरित्र सांगणारा माणूस कसा असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आणि आरंभ आमच्याच तालुक्यातून करावयाचा असेल तर जागा ठरलेली आहे. जोह्याप्रमाणेच पेण तालुक्यात गागोदे आहे, आणि तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. भूदानाचे विनोबा, पदयात्रेचे विनोबा सर्वांना ठाऊक आहेत. मला पडद्यावर पाहावयाचे आहेत ते कवी विनोबा, ‘गीताई’चे कर्ते, ज्यांनी आईला संस्कृत गीता कळेना म्हणून तिच्या इच्छेचे ओझे अनेक वर्षे वागवले आणि ती गेल्यावर बारा वर्षांनी, १९३० साली, ते काम हाती घेतले. हाच माणूस तरुणपणी कविता करी आणि मनासारखी उतरली की अग्नीला देई. काशीस असताना गंगेला देऊ लागला. गागोद्याच्या घरी आजोबा शंभुराव गणेशचतुर्थीला चंदन उगाळवून घेत, त्याचा गणपती घडवीत, त्याची यथासांग पूजा होई आणि मग त्याचे विसर्जन, हे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. ज्या कवीने आपल्या कविता स्वतःच्या हाताने नाहीशा केल्या त्याच्यावर चित्रपट काढावयाचा म्हणजे त्या कवितांचे कॅमेऱ्यापुढे दाखवण्याजोगे हस्तलिखित नाही, त्यांतली वाचण्याजोगी ओळ नाही. रायांनी जी वजाबाकी स्वखुशीने केली ती येथे नायकानेच आधी करून ठेवली आहे. मूर्ती घडवणाऱ्या आणि ती बुडवण्यासाठीच घडवतो हे ठाऊक असणाऱ्या गावांना हा विषय समजावून सांगावा लागणार नाही. दिग्दर्शकाला मात्र घाम फुटेल, आणि फुटावा.

तोवर निदान जे आहे ते दाखवावे. महामंडळाकडे रायांच्या चित्रपटासाठी आणि खोपकरांच्या चित्रपटासाठी मागणी करावयाचा अर्ज आम्ही काही जणांनी मिळून तयार केला आहे. अनंत चतुर्दशी उलटली, कारखान्यांतली घाई ओसरली की दोन रात्री दोन खेळ करावेत असे ठरते आहे. रवींद्रनाथांच्या चित्रपटाचे निवेदन इंग्रजी, म्हणून मधूनमधून थांबवून मराठीत सांगणारा एक शिक्षकही मुक्रर झाला आहे, त्याला फक्त एवढीच ताकीद आहे की कविता म्हणून दाखवावयाची नाही. पडदा हमरापूरला बांधावयाचा की जोह्याला, यावर अजून दोन्ही गावांत एकमत नाही.